दीड ते साडेतीन

आमच्या मुलुंडच्या घरात दुपारी दीड ते साडेतीन पाण्याचा आवाज होत नाही. नळ सोडला जात नाही, भांडी घासली जात नाहीत, संडासाची टाकी सोडली जात नाही. बांधणाऱ्याने न्हाणीघर आणि संडास माझ्या खोलीच्या भिंतीला लावून काढले आणि टाकी नेमकी माझ्या उशाशी आली. भिंत हलवणे शक्य नव्हते, म्हणून घरातल्या माणसांना वळण लावले. मी पहाटे साडेचारला उठणारी बाई आहे. सत्तावीस वर्षे शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. दुपारचे ते दोन तास माझे होते आणि ते कोणी मोडले नाहीत. माझे यजमान, ज्यांना सारे गोत भाऊ म्हणते आणि मीही म्हणते, त्या वेळात दुसऱ्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून वर्तमानपत्र वाचत. आमचा सिद्धेश याच शिस्तीत वाढला आणि त्याचे काही बिघडले नाही.

सिद्धेशची मुलगी गंधाली त्या वर्षी दिवाळीत पावणेतीन वर्षांची झाली. तिच्या आईने, म्हणजे माझ्या सुनेने, अपूर्वाने, तिला जन्मापासून डायपरमध्ये ठेवले होते. सिद्धेश दीड वर्षाचा व्हायच्या आत कोरडा झाला होता, कारण तो तीन महिन्यांचा असल्यापासून रोज पहाटे मी पाय पसरून त्याला पावलांवर बसवीत असे आणि त्याने काम उरकल्याशिवाय उठू देत नसे. अपूर्वाला मी ते करून दाखवले होते. तिने, डॉक्टरांना विचारून सांगते, असे उत्तर दिले. मी तो विषय पुन्हा काढला नाही. मात्र मी विसरलेही नाही.

अपूर्वाला नोकरीवर परत जायचे होते. अंधेरीच्या एका कचेरीत ती इमारतींचे नकाशे तपासण्याचे काम करीत असे, आणि तिची जागा त्यांनी जानेवारीच्या पहिल्या सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. त्यानंतर जागा गेली असे पत्रच आले होते. सकाळी मुलगी आमच्या सोसायटीमागच्या बालवाडीत जायची आणि दुपारी साडेबारापासून संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ राहायची, असा तिचा बेत होता. बालवाडीची अट एवढीच, की मूल डायपरमध्ये नको. माझी अडचण वेगळी होती. मला सून नोकरीला जायला नको होती. घरात माणूस असावे आणि त्याने काय करावे हे मी सांगावे, याची मला चाळीस वर्षांची सवय होती. पण तसे तोंडाने म्हटले असते तर सिद्धेशने वाद घातला असता, आणि वाद घालून जिंकणे मला कमीपणाचे वाटते.

डिसेंबरात माझ्या धाकट्या जावेच्या, अनुपमाच्या, मुलाचे लग्न होते आणि लग्नानंतरचे बोडण तिच्या बोरिवलीच्या घरी, अपूर्वाच्या त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, करायचे ठरले. बोडण हा आम्हा कोकणस्थांचा कुळाचार. नवी सून माहेरून आणते ती अन्नपूर्णा परातीत ठेवायची, तिच्यावर पुरण, दूध, दही, तूप, मध आणि साखर घालायची, आणि पाच सवाष्णींनी व एका कुमारिकेने ते सारे हाताने कालवायचे. पुरुषांनी ते पाहायचे नाही. कुमारिका त्या वेळी देवीच असते. तिला काय हवे ते विचारायचे आणि ती मागेल ते आणखी घालायचे. ती पुरे म्हणत नाही तोवर आमच्याकडे कोणी हात बाहेर काढत नाही. आमच्या घराण्यात त्या वयाची मुलगी एकच होती.

एका रात्री जेवताना मी सांगितले, की कुमारिका म्हणून गंधू बसेल. सोवळे असल्यामुळे डायपर चालणार नाही. घरातून निघाल्यापासून बोडण पुरे होईपर्यंत ती कोरडी राहिली तर अपूर्वाने सोमवारी खुशाल कामावर जावे, मुलीला मी सांभाळीन. नाही राहिली, तर अपूर्वाने आणखी एक वर्ष घरी थांबावे. आपल्या हाताशी पाच आठवडे आहेत, असे अपूर्वाला वाटले असावे, कारण तिने फार विचार केला नाही. तिने एकच विनंती केली, की दुपारी मुलीला गरज लागली तर संडासात नेऊ द्यावे.

"दीड ते साडेतीन नाही," मी म्हटले.

तिने मग बदकाच्या आकाराचे पिवळे प्लास्टिकचे भांडे आणले, म्हणजे मुलीला खोलीतच बसवता येईल आणि आवाज होणार नाही. युक्ती चांगली होती. म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून गंधूला दुपारी माझ्याजवळ निजवायला घेतले. पुढे तिला दुपारी माझ्याजवळच राहायचे होते, तेव्हा सवय आत्तापासून हवी, हे माझे म्हणणे कोणाला खोडता आले नाही. आणि माझ्या खोलीत ते बदक येणार नव्हते.

अपूर्वाची पद्धत पुस्तकी होती. दर पाऊण तासाने विचारायचे, बसवायचे, गोष्ट सांगायची, झाले तर टाळ्या वाजवून फ्रिजवर लावलेल्या कागदावर चांदणी चिकटवायची, आणि नाही झाले तर काही बोलायचे नाही. सकाळी ती पद्धत चालत असे. पहिल्याच आठवड्यात कागदावर अकरा चांदण्या झाल्या. दुपारी माझी पद्धत चालत असे. मुलीला मी भिंतीकडच्या बाजूला घेई आणि सांगे, की आजी उठेपर्यंत उठायचे नाही, बोलायचे नाही आणि शू करायची नाही. पहिले चार दिवस गादी भिजली. मी ओरडले नाही, मी ओरडत नाही. मी तिला त्या ओल्यातच साडेतीनपर्यंत पडून राहू दिले. मग तिची ओली चड्डी तिच्याच हातात देऊन तिला भाऊंच्या खोलीत पाठवले, की जा, आजोबांना दाखव. नंतर फ्रिजपाशी उभे करून तिच्याकडूनच एक चांदणी काढून घेतली. चौथ्या दिवशी भाऊ म्हणाले, की असू दे गं, लहान आहे. मी त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढे धरले.

अपूर्वाने मला एकदा विचारले, की दुपारी नेमके काय होते, मूल झोपेतून दचकून का उठते. मी म्हटले, शिस्त लागते आहे. तिला उत्तर पटले नव्हते. परंतु मुलगी खरोखरच कोरडी राहू लागली होती, आणि अपूर्वाला ती सोमवारची तारीख दिसत होती. तिने त्या दिवशी आणखी विचारले नाही. हे तिचे तिला आठवत असेल.

तिसऱ्या आठवड्यापासून गादी भिजली नाही. गंधू झोपतही नसे. मी डोळे किलकिले केले की ती मला दिसे, कुशीवर वळून दोन्ही गुडघे पोटाशी घेतलेली, माझ्या पापण्यांवर नजर लावून बसलेल्या मांजरीसारखी स्थिर. घड्याळ तिला कळत नव्हते. मी डोळे उघडून उठून बसले की ती कुजबुजत विचारी, "आजी उठली का?" मी हो म्हटल्यावरच ती पलंगावरून घसरून संडासाकडे धावे. घरातल्या इतरांनाही ती तेच विचारू लागली. साडेतीननंतर मी देवघरात असले, गच्चीत वाळवण उचलत असले, तरी आईने नेले म्हणून ती बसत नसे. आधी विचारी, आजी उठली का. अपूर्वाला त्यात गंमत वाटे आणि ती हो गं बाई, उठली, असे म्हणून तिला बसवी.

एका दुपारी मी मुद्दाम साडेतीन वाजून गेल्यावरही डोळे मिटून पडून राहिले. मला पाहायचे होते, की ती किती वेळ धरते. पावणेचार झाले, चार झाले. तिचा श्वास जवळून ऐकू येत होता, लहान लहान आणि मोजका. सव्वाचारला मी उठले. ती कोरडी होती. तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. मला त्या मुलीचा अभिमान वाटला. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. माझ्या वर्गांतून हजारभर मुले गेली, पण इतक्या लवकर आणि इतके पक्के कोणी शिकले नव्हते. त्याच वेळी माझ्या ध्यानात आले, की मी पैज हरणार आणि अपूर्वा कामावर जाणार. तरी मी तो धडा सोडला नाही. शिकवलेले फुकट घालवणे मला जमत नाही.

बोडणाच्या रविवारी आम्ही सकाळी आठला निघालो. गंधूला हिरवा रेशमी परकर आणि पोलके घातले होते. ती सहाला उठून संडासात जाऊन आली होती. निघताना अपूर्वाने पिवळे बदक कापडी पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवले. ती मुलीचे दूध आणायला वर गेली तेव्हा मी ती पिशवी काढून रखवालदाराच्या, अंबादासच्या, खोलीत ठेवायला दिली. सोवळ्याच्या सामानाशेजारी तसली वस्तू मला नको होती. मी अपूर्वाला सांगितले नाही. तिने विचारले असते तर सांगितले असते.

सिद्धेश गाडी चालवत होता, भाऊ त्याच्याशेजारी. मागे खिडकीशी मी, मध्ये गंधू, पलीकडे अपूर्वा. जोगेश्वरीच्या अलीकडे कसल्यातरी कामासाठी अर्धा रस्ता अडवला होता आणि गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. पाऊण तास आम्ही एका सिमेंटच्या खांबाकडे पाहत बसलो. गंधूने आईच्या कानात सांगितले. अपूर्वाने सिद्धेशला डिकी उघडायला सांगितली, खाली उतरली, आणि रिकाम्या हाताने परत आली. ती काही क्षण दार उघडे धरून उभीच राहिली. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला. सिद्धेश म्हणाला, की पुढे पेट्रोलपंप लागेल, तिथे नेऊ. मी म्हटले, की सोवळ्यातल्या मुलीला पेट्रोलपंपाच्या संडासात नेल्यावर तिला पुन्हा अंघोळ घालावी लागेल, आणि ती कुठे घालणार. मग मी गंधूकडे वळले.

"गंधू, आता नाही. आजी सांगेल तेव्हाच."

तिने मान हलवली आणि गुडघे जवळ घेतले. मी डोळे मिटले. अपूर्वाने मुलीचा हात हातात घेतला होता. मला वाटते, त्या क्षणी ती गाडी थांबवून उतरली असती तर पुढचे काही झाले नसते. पण घड्याळात साडेनऊ वाजले होते, बोडण अकराला होते, आणि ते पार पडले की सोमवार तिचा होता. दीड तास तिने तिच्या मुलीच्या भरवशावर घालवला, जसा मी पाच आठवडे घालवला होता.

बोरिवलीला पोचलो तो अनुपमा दारातच उभी. उशीर झाला, सगळे खोळंबले आहेत, आधी पाटावर बसा, अशी तिने घाई केली. अपूर्वा मुलीला घेऊन संडासाकडे वळली, तर गंधूनेच तिचा हात सोडवला आणि नको म्हणून मान हलवली. तिला काहीच नको होते, पाणीसुद्धा नको होते.

पुरुषांना बाहेरच्या खोलीत बसवून दार लावले. परातीभोवती आम्ही पाचजणी बसलो: मी, अनुपमा, तिची नवी सून मानसी, अपूर्वा आणि अनुपमाची नणंदेकडची एक भाची. माझ्या आणि अपूर्वाच्या मध्ये चौरंगावर गंधू. पुरणाचे दिवे लावले, आरती झाली, आणि आम्ही हात परातीत घातले. दूध कोमट होते, पुरण बोटांतून वर येत होते. कालवताना मी नेहमीच डोळे मिटते. माझ्या सासूबाई मिटत असत. खोलीत फक्त हातांचा ओला आवाज होता. अनुपमाची बहीण आमच्या मागे वाढायला उभी होती. तिने रीतीप्रमाणे विचारले, की आई अन्नपूर्णे, तुला काय हवे. गंधू बोलली नाही. तिने पुन्हा विचारले, दूध हवे का, तूप हवे का. तरी नाही. मानसीने हळूच सुचवले, सांग ना गं, मध हवा म्हण. आमचे हात मनगटांपर्यंत भरलेले आणि देवी गप्प.

मग गंधूने आपल्या आईकडे पाहून कुजबुजत विचारले, "आजी उठली का?"

सगळ्या हसल्या. अनुपमाला असली संधी सोडवत नाही. ती म्हणाली, "घ्या, आमच्या घराण्यात देवीलासुद्धा सुनंदावहिनींची परवानगी लागते." त्यावर भाची इतकी हसली, की तिला हाताच्या कोपराने डोळे पुसावे लागले. मला ते बोलणे आवडले. मी डोळे उघडले आणि गंधूला म्हटले, की सांग, पुरे म्हण. ती लगेच पुरे म्हणाली. आम्ही हात बाहेर काढले. अपूर्वा एकटी हसली नव्हती. तिचे हात सगळ्यांच्या नंतर परातीतून निघाले.

मुलगी कोरडी होती. चौरंग कोरडा, परकर कोरडा. अनुपमाने तिच्या पायांवर पाणी घालून, ओटी भरून तिला नमस्कार केला, आणि जमलेल्या बायकांनी मला विचारले, की वहिनी, इतक्या लहान पोरीला असे कसे तयार केले. मी त्यांना पावलांवर बसवण्याबद्दल सांगितले, वेळेबद्दल सांगितले, हल्लीच्या आयांबद्दल सांगितले. पंगत बसली. जेवण झाल्यावर दीड वाजला तेव्हा अनुपमाने तिच्या आतल्या खोलीत मला गादी घालून दिली आणि मी निजले. गंधूला मी करायचे आहे का म्हणून विचारले नव्हते. गाडीत दिलेली आज्ञा मी मागे घेतली नव्हती. खरे सांगायचे तर ती मी पूर्ण विसरले होते. तिथले कौतुक ऐकण्यात माझा वेळ चांगला गेला होता.

अपूर्वाने त्या दुपारी तिला चारदा नेले. ती बसली आणि उठली. परतीच्या वाटेवर एका हॉटेलात नेले. संध्याकाळी सहाला घरी पोचलो तेव्हा अंबादासने दारात आणून दिलेले बदक तिच्यापुढे ठेवले, नळ सोडला, कोमट पाण्यात उभे केले. तिने अजून एक थेंब टाकला नव्हता, आणि आता तिला टाकायचा असला तरी तो येत नव्हता. तिचे पोट खाली टणक झाले होते. ती रडत नव्हती. दातांवर दात ठेवून ती भिंतीला टेकून उभी होती आणि हात लावू देत नव्हती. सात वाजता आम्ही सगळे तिला जवळच्या इस्पितळात घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई, रश्मी नावाच्या, तिशीतल्या होत्या. त्यांनी पोट पाहिले, किती तास झाले ते विचारले आणि तेरा तास ऐकून पेन खाली ठेवले. त्या म्हणाल्या, की कधी कधी मुले भीतीने धरून ठेवतात आणि मग ते सुटत नाही. अजून थोडा वेळ पाहू, नाहीतर नळी घालावी लागेल. मग त्यांनी सगळ्यांकडे पाहून विचारले, की घरात कोणी तिला धरून ठेवायला सांगितले होते का. तसे असेल तर त्याच माणसाने आता तिला सांगावे, कित्येकदा तेवढ्याने होते.

अपूर्वाने माझ्याकडे पाहिले. भाऊंनी जमिनीकडे पाहिले. टेबलावर निजलेली गंधूही माझ्याचकडे पाहत होती, दुपारी पाहते तशी, माझ्या पापण्यांकडे.

मला तेव्हाच आठवले. गाडी, सिमेंटचा खांब, मी म्हटलेले वाक्य, सारे आठवले. एक शब्द पुरला असता. पण ती डॉक्टरीण वयाने माझ्या विद्यार्थिनींच्याही मुलीएवढी होती, मला प्रश्न विचारीत होती, आणि माझ्या मागे माझी सून उभी होती.

मी म्हटले, की आमच्या घरी मुलांना असे कोणी सांगत नाही.

"आई, गाडीत तुम्ही तिला..." अपूर्वा म्हणाली.

"गाडीत मी डोळे मिटून बसले होते."

गंधूने ते ऐकले. तिला त्यातले काय कळले ते मला ठाऊक नाही. तिने मान दुसरीकडे वळवली. अर्ध्या तासाने परिचारिका तिला पडद्याआड घेऊन गेल्या आणि तिथे ती ओरडली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज झाला. मी बाहेरच्या खुर्चीवर ताठ बसून होते. सिद्धेश उठून जिन्यात गेला. भाऊ म्हणाले, की सुनंदा, तू सांगायला हवे होतेस. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी मला, तू हे करायला हवे होतेस, असे प्रथमच म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी सोमवार. अपूर्वाने सकाळीच कचेरीत फोन करून तीन दिवस मागून घेतले. गंधू उठली, दूध प्यायली, आणि नऊ वाजले, दहा वाजले, तरी पुन्हा तेच. ती बदकावर बसे, थरथरे आणि उठे. साडेदहाला अपूर्वा पुन्हा इस्पितळात न्यायची पिशवी भरू लागली. ती आतल्या खोलीत असताना मी गंधूचा हात धरून तिला संडासात नेले आणि दार लावून घेतले. तिला बसवले आणि तिच्यापुढे उकिडवी बसले. माझे गुडघे त्याला आता राजी नसतात.

"गंधू, आजी उठली आहे," मी अगदी हळू म्हटले. "कर."

तिने माझ्या डोळ्यांकडे नीट पाहून घेतले, आणि लगेच झाले. किती तरी वेळ होत राहिले. तिचे खांदे खाली आले. तिने डोके पुढे करून माझ्या गुडघ्यावर टेकवले आणि मी ते टेकवू दिले. दार उघडले तर बाहेर अपूर्वा उभी होती, हातात पिशवी.

"तुम्हाला काल माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

तिने मुलीला उचलले, तिची चड्डी नीट केली आणि खोलीत गेली. दुपारी दीडला माझी निजण्याची वेळ झाली तेव्हा ती कपाट रिकामे करीत होती. तिने कपाटाची दारे आपटली, पेट्या ओढल्या, आणि दोन वाजता संडासात जाऊन टाकी सोडली. मग ती भरेपर्यंत थांबून पुन्हा एकदा सोडली. मी पलंगावर पडून सारे ऐकले. चारला ती मुलीला घेऊन घाटकोपरला तिच्या आईकडे गेली. तिथून अंधेरीला जायला मेट्रो आहे. गुरुवारपासून ती कामावर जाऊ लागली, हे सिद्धेशने मला सांगितले, आणि पुढच्या रविवारी त्यानेही आपले शर्ट नेले. जाताना त्याने मला नमस्कार केला. वळण पक्के आहे.

गुरुवारी दुपारी सव्वादोनला माझा फोन वाजला. पडद्यावर अपूर्वाची आई होती. तिने मला नमस्कार म्हटला नाही. तिने फोन खाली धरला आणि त्यात पिवळ्या बदकावर बसलेली गंधू दिसली. सकाळी आईजवळ होते, पण दुपारी आजीच्या हुकमाशिवाय होत नाही, डॉक्टरांनी तूर्त असेच करायला सांगितले आहे, एवढे त्या बाईने कोरडेपणाने सांगितले. गंधूने मला विचारले, की आजी उठली का. मी पलंगावर उठून बसले, कारण ती पाहत होती, आणि म्हटले, की हो, उठले, कर.

त्यानंतर रोज सव्वादोनला फोन येत असे. मी दीडला पडत असे, पण झोप लागत नसे, कारण मध्येच उठायचे होते. फोन आला की मी केस सारखे करून बसे. ती मागे घरात कशी बसे, काय खेळे, ते मला दिसत नसे. मला फक्त तिचा चेहरा दिसे, आणि तो प्रश्न. एकदा तिच्या कपाळावर टिकली लावली होती. मी त्याबद्दल काही विचारायच्या आत फोन बंद झाला. बाईंना माझ्याकडून तेवढाच शब्द हवा होता आणि तो मिळाला की त्या थांबत नसत. मला हे आवडत होते, असे मी म्हणणार नाही. पण माझ्यावाचून तिथे चालत नव्हते, हे मला रोज सव्वादोनला कळत होते.

तेविसाव्या दिवशी फोन आला नाही. अडीच झाले. मी फोनचा आवाज चालू आहे ना ते पाहिले. पावणेतीन झाले. घाटकोपरला आपण होऊन फोन करावा आणि विचारावे, असे दोनदा मनात आले. पण काय विचारणार होते मी. मुलीने माझ्यावाचून शू केली का, हे? मी फोन उशीखाली ठेवला आणि भिंतीकडच्या बाजूला वळले. तिथे गादीवर एक फिका डाग अजून आहे.

तीन वाजायला आले तेव्हा माझ्याने पडवेना. मी उठले, संडासात गेले आणि बाहेर येताना टाकी सोडली. दुपारच्या शांततेत तो आवाज केवढा मोठा होतो, ते मी माझ्या घरात प्रथमच उभ्याने ऐकले. पाणी भरून थांबेपर्यंत मी तिथेच भिंतीला हात लावून उभी होते.

पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्राचा आवाज झाला.

"सुनंदा," भाऊंनी आतून विचारले, "उठलीस का?"

मी हो म्हटले. ते बाहेर आले आणि माझ्याकडे न पाहता, एका हाताने भिंत धरून, त्यांना जमेल तितक्या घाईने संडासाकडे गेले.